सातारा शाबूत, पुणे फुटकं

एडिटरच्या डाव्या पट्टीत, जिथे थांबलेल्या प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलच्या किमती दिसतात, तिथे ‘सातारा’ अगदी नीट उमटतं. ‘दादर’ नीट, ‘मालवण’ नीट. ‘पुणे’ मात्र फुटतं: आधी प, मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, त्याला चिकटून \२०१, मग ण, पुन्हा तेच प्रश्नचिन्ह आणि \२०७. ‘ठाणे’ शेवटच्या मात्रेवर अडखळतं, ‘नाशिक’ शेवटच्या क वर, ‘वर्धा’ रफारावर. (पुणेकरांना यात कुणाचा तरी हात दिसेल, तो नाही.) हा प्रकार सी++ च्या स्ट्रिंगमध्ये दिसतो, रस्टच्या स्ट्रिंगमध्ये दिसतो, फोर्ट्रानच्या कॅरॅक्टर ॲरेमध्येही दिसतो. सगळंच फुटलं असतं तर इतका त्रास झाला नसता. सगळं फुटलं की माणूस सेटिंग तपासतो आणि मोकळा होतो. काही अक्षरं शाबूत आणि काही फुटकी असली की मन उगाच भाषेच्या व्याकरणात कारण शोधायला लागतं. कुणी म्हणतं जोडाक्षरांचा घोळ, कुणी म्हणतं मात्रांचा, आणि कुणी तरी एक जण ठामपणे सांगतो की फॉन्ट बदला.

फॉन्टचा आरोप पटकन निकालात काढता येतो. मात्रा दिसते पण भलत्या जागी बसते, रफार पुढच्या अक्षरावर जात नाही, हलन्त सुटा लोंबतो, तर तो अक्षरं जुळवणाऱ्याचा दोष. टर्मिनल बदलून पाहावं. पण तिरकी रेघ आणि तिच्यामागे तीन आकडे दिसले की ती कुणी तरी जाणूनबुजून लिहिलेली असते. मजकुरातला एक बाइट दाखवण्यालायक नाही असं कुणी तरी ठरवलं आणि त्याच्या जागी त्याचा अष्टमान (आठाच्या पायाचा) आकडा छापला. फॉन्ट बिचारा जे हातात आलं ते दाखवतो. जोडाक्षरांचा मुद्दाही टिकत नाही, कारण ‘पुणे’त जोडाक्षर नाही. मात्रांचा टिकत नाही, कारण ‘नाशिक’मधली वेलांटी आणि काना दोन्ही सुखरूप आहेत.

उरतो एकच धागा: तिन्ही भाषा एकाच अक्षरावर अडखळतात.

चाळीत तीन बिऱ्हाडांच्या नळाला एकाच दिवशी गढूळ पाणी आलं तर कुणी तिन्ही नळ उघडून बसत नाही, गच्चीवरची टाकी बघतात. डीबगरच्या, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आत डोकावणाऱ्या अवजाराच्या, बाबतीत ही टाकी नक्की कुठे आहे हे शोधणं हेच खरं काम, कारण टाक्या अनेक आहेत, एकीखाली एक. कंपायलरने लिहून ठेवलेली ड्वॉर्फ माहिती सांगते की अमुक पत्त्यावर अमुक प्रकारची वस्तू आहे. जीडीबी या डीबगरमधला त्या-त्या भाषेचा भाग तिचं रूप ठरवतो. मग चारसेटचा (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर या तक्त्याचा) थर बाइटांची अक्षरं करतो. एडिटर जोडलेला असेल तर ते सगळं एमआय नावाच्या मशीनसाठीच्या बोलीत पुन्हा गुंडाळलं जातं. पलीकडे अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोघांमधला दुभाषी ते उघडतो, जेसन या मजकूर-साच्यात घालतो आणि एडिटरला देतो. पाणी यातल्या कुठल्याही थरात मुरू शकतं. कुठे मुरतंय ते ओळखायची खूण म्हणजे आजारी भाषांची यादी, आणि तिच्याइतकीच महत्त्वाची निरोगी भाषांची यादी.

उदाहरणार्थ, जीडीबीत टार्गेट-चारसेट चुकीचा असेल, समजा आयएसओ ८८५९-१ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना एक-बाइटी चारसेट), तर सी आणि सी++ मधली देवनागरी बिघडते आणि रस्टमधली टिकते. कारण सीच्या कॅरॅक्टरचा चारसेट कोणता हे भाषा सांगत नाही, म्हणून जीडीबी सेटिंगकडे बघतो. रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-८ (युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) असणार हे भाषेनेच ठरवलेलं आहे, म्हणून तिथे सेटिंग विचारलंच जात नाही. म्हणजे सी आजारी, रस्ट ठणठणीत अशी यादी आली की सरळ टार्गेट-चारसेटकडे जावं. दोन्ही आजारी असतील तर त्याच्या खालच्या थरात. तिथे नेहमीचा संशयित म्हणजे लोकॅल, प्रोग्रॅमला भाषा आणि चारसेट सांगणारी सिस्टिमची सेटिंग. डेबियन लिनक्सच्या बेस कंटेनरमध्ये ती ठरवणारं ‘लँग’ ठेवलेलंच नसतं, म्हणजे लोकॅल ‘सी’, म्हणजे जगात फक्त १२८ अक्षरं आहेत असा समज. ‘शो होस्ट-चारसेट’ विचारलं की जीडीबी ‘ऑटो’ म्हणतो आणि पुढे एएनएसआयचं एक जुनाट नाव सांगतो; ते नाव दिसलं की समजावं. अशा वेळी रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणून वाचली जाते खरी, पण छापण्याआधी सी लायब्ररीला विचारलं जातं की हे अक्षर छापण्याजोगं आहे का, आणि ‘सी’ लोकॅलमध्ये उत्तर नाही असंच येतं. उपाय सोपा: ‘लँग’ला सी.यूटीएफ-८ द्यावं. डेबियनमध्ये ते पूर्वीपासून आहे, जीलिबसीत (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) २.३५ या २०२२ सालच्या आवृत्तीपासून मुळातच आहे. अभिमानाने मराठीचं एमआर-आयएन लोकॅल लावणाऱ्यांनी ते मशीनवर तयार केलेलं आहे ना, हे ‘लोकॅल -ए’ देऊन पाहावं. नसेल तर प्रोग्रॅम मुकाट्याने ‘सी’वर परततो, बॅश निदान कुरकुर तरी करतं, जीडीबी चकार शब्द काढत नाही.

पण आपल्या प्रकरणात लोकॅल ठीक आहे. त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रॅमवर, साध्या टर्मिनलमध्ये जीडीबी उघडून ‘प्रिंट’ केलं की ‘पुणे’ अख्खं येतं. मग तोच जीडीबी ‘--इंटरप्रीटर=एमआय२’ देऊन उघडायचा आणि तेच विचारायचं. फुटलं. म्हणजे भाषेचा थर निर्दोष, चारसेट निर्दोष, एडिटर तर अजून चित्रातच नाही. इथे एक बारीक खूण फार उपयोगी पडते, ती म्हणजे तिरक्या रेघा मोजणं. एमआय प्रत्येक उत्तर दुहेरी अवतरणात घालतं आणि घालताना आत आधीच असलेली प्रत्येक तिरकी रेघ दुप्पट करतं. तेव्हा एमआयच्या कच्च्या उत्तरात \\२०१ अशी जोडरेघ दिसली तर तो आकडा आधीच्या थराने, म्हणजे भाषेच्या किंवा चारसेटच्या थराने छापला होता. एकच रेघ असेल तर तो एमआयने स्वतः गुंडाळताना छापला. लोकॅलच्या आजारात जोडरेघ येते, आपल्याकडे एकेरी आहे. एवढ्या एका रेघेवरून अर्धा सोर्स कोड बाजूला ठेवता येतो.

गुंडाळण्याचं काम जीडीबीत एक छोटं फंक्शन करत आलं आहे, ‘प्रिंटचार’. त्याच्या हाती एका वेळी एक बाइट येतो आणि त्याच्यावर जी अट लावली जाते ती साधारण अशी: बाइट ३२ पेक्षा लहान असेल, किंवा १२७ ते १५९ मध्ये असेल, तर तो कंट्रोल कॅरॅक्टर समजून अष्टमानात छाप, नाही तर जसाच्या तसा सोडून दे. ही अट आयएसओ ८८५९ च्या जमान्यातली. त्या चारसेटांत १२८ ते १५९ ही बत्तीस घरं नियंत्रणासाठी राखून ठेवलेली होती आणि खरी अक्षरं १६० पासून पुढे बसत. आठ बिटांच्या जगात ही अट शंभर टक्के बरोबर होती. आपल्याकडचा इस्की, म्हणजे १९९१ चं भारतीय मानक १३१९४, तोही याच शिस्तीत बांधलेला: त्यातली अक्षरं १६१ पासून सुरू होतात. म्हणजे इस्कीतलं ‘पुणे’ या अटीतून अंगाला ओरखडा न येता गेलं असतं! केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ बांधलं तेव्हा अक्षराच्या पहिल्या बाइटनंतरचे सगळे बाइट १२८ ते १९१ या चौसष्ट घरांत ठेवले. त्यातली खालची बत्तीस नेमकी जुन्या अटीच्या तावडीत येतात.

आता ‘पुणे’ जवळून बघू. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. पहिला नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. हे दोन्ही १६० च्या वर, म्हणून सुखरूप. सगळा निकाल तिसऱ्यावर. प चा तिसरा बाइट १७०, सुटला. उकाराचा १२९, अडकला, म्हणून \२०१. ण चा १६३, सुटला. मात्रेचा १३५, अडकला, म्हणून \२०७. अख्खी वर्णमाला या सुरीने कापली की चित्र विलक्षण दिसतं. अनुस्वार, विसर्ग, अ ते औ, आणि क पासून ट पर्यंतची व्यंजनं कापली जातात. ठ पासून ह पर्यंत सगळी व्यंजनं वाचतात. काना आणि ऱ्हस्व वेलांटी वाचतात. दीर्घ वेलांटी, दोन्ही उकार, मात्रा आणि हलन्त जातात. आकडे आणि दंड वाचतात. म्हणून ‘राम’ आहे आणि ‘सीता’ नाही. व्याकरणात याचं काही कारण नाही, उच्चारस्थानात नाही. युनिकोडच्या तक्त्यात कोण कितव्या ओळीत बसलं एवढंच. आणि भाषेचा तर संबंध कुठेच येत नाही, कारण एमआयच्या दारात पोचेपर्यंत सी++, रस्ट, फोर्ट्रान सगळ्यांचा मजकूर नुसता बाइटांची माळ झालेला असतो. अलीकडे व्हेरिएबलची नावंही देवनागरीत ठेवता येतात (रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ पासून, जीसीसीत २०२० च्या १० पासून), तीही याच दारातून जातात, त्यामुळे ‘नाव’ नीट दिसतं आणि ‘किंमत’ फुटते.

इथे थांबून एक गोष्ट अ‍ॅडॉप्टरच्या पदरातही टाकायला हवी. एमआयने \२०१ लिहिलं तरी माहिती हरवलेली नसते, तो आकडा परत बाइट करता येतो. हरवते ती क्रम चुकल्यावर. बरेच अ‍ॅडॉप्टर पाइपमधून आलेले बाइट आधी यूटीएफ-८ म्हणून वाचून स्ट्रिंग करतात आणि अष्टमान उलगडणं नंतर करतात. पण २२४ आणि १६५ नंतर तिसरा बाइट न येता तिरकी रेघ आली, की वाचणाऱ्याच्या लेखी ते अर्धवट अक्षर. तो दोन बाइट फेकून देतो आणि प्रश्नचिन्ह ठेवतो. मग मागून उलगडलेल्या १२९ ला जोडायला काही उरतच नाही. आधी उलगडा, मग वाचा, हा क्रम पाळला की फुटकं ‘पुणे’ही सांधतं. तोच नियम पाइपमधून तुकड्यांनी वाचताना: तुकडा अक्षराच्या मध्येच तुटू शकतो, म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे स्ट्रिंग न करता शिल्लक बाइट धरून ठेवणारा डीकोडर वापरावा. आणि त्याच्याही पुढच्या दारात, एडिटरशी बोलताना, प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर लांबी लिहायची असते ती बाइटांत. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगची लांबी विचारली तर ‘पुणे’ चार, बाइट बारा. चार लिहिलं की आठ बाइट मागे उरतात, पुढच्या संदेशाचं डोकं त्यात बुडतं आणि सत्र लटकतं. पायथनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅडॉप्टरांत ही चूक असली तरी दिसत नाही, कारण पायथनचं जेसन मुळातच इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर आस्की सांकेतिक रूपात लिहितं आणि दोन्ही लांब्या सारख्याच भरतात. चूक तिथे वर्षभर सुखाने नांदते.

दुरुस्तीची गोष्ट आली की पहिला मोह असतो तो वरच्या मजल्यावर डागडुजी करण्याचा. सी++ चा प्रीटी-प्रिंटर (किमती वाचनीय करून दाखवणारा भाग) पायथनमध्ये असतो, त्यात दोन ओळी घाला. रस्टच्या प्रिंटरमध्ये तसंच काही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! चार भाषांत चार ठिगळं लागतात आणि पाचवी भाषा आली की तिचं पुणे फुटतंच. दुसरा मोह त्याहून धोकादायक: १२७ ते १५९ ची अटच उडवून देणं. त्याने देवनागरी लगेच सुधारते, आणि पॅच लिहिणारा खूश होतो. पण ती अट उगाच नव्हती. सुटा १५५ हा बाइट आठ-बिटी टर्मिनलला ‘आता हुकूम येतोय’ असं सांगतो; पुढची अक्षरं छापली न जाता अमलात येतात, रंग बदलतात, स्क्रीन पुसली जाते. डीबगर तर नेमका बिघडलेली मेमरी दाखवायलाच उघडलेला असतो. तिथे असले बाइट सापडणारच.

म्हणून बदलायची आहे ती तुकडा पाडायची पद्धत. बाइटाला एकट्याला पाहून ठरवूच नये. स्ट्रिंगच्या सुरुवातीला उभं राहावं, सी लायब्ररीतल्या ‘एमबीआरटीओडब्ल्यूसी’ला पुढचं अक्षर मागावं. मिळालं आणि ते छापण्याजोगं असलं तर त्याचे सगळे बाइट जसेच्या तसे सोडावेत. मिळालं पण छापण्याजोगं नसलं तर त्याचे सगळे बाइट अष्टमानात. उत्तर उणे एक आलं, म्हणजे बाइट अवैध, तर एकच बाइट अष्टमानात छापून, वाचनाची अवस्था पुसून, पुढच्या बाइटवर यावं. ती पुसायची राहिली तर पुढची चांगली अक्षरंही अवैध ठरू शकतात आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. उणे दोन आलं, म्हणजे माळ अक्षराच्या मध्येच संपली, तर उरलेले सगळे बाइट अष्टमानात. अवतरणचिन्ह आणि तिरकी रेघ यांची जुनी व्यवस्था तशीच ठेवावी. अर्धं अक्षर कच्चं आणि अर्धं आकड्यात असं कधीच होता कामा नये, एवढा एकच दंडक. एमआयच्या दस्तऐवजातलं व्याकरण सांगतं की अवतरणातला मजकूर सात-बिटी असावा. त्याला धरून चालणारे म्हणतील की १२७ च्या वरचं सरसकट अष्टमानात छापा. तेही चालेल, सुसंगत तरी आहे. मला मात्र पहिला मार्ग बरा वाटतो, कारण अष्टमान न उलगडणारे अ‍ॅडॉप्टर जगात आहेत, आणि लॉग वाचणारी माणसंही आहेत.

हा दोष टिकून का राहतो याचं उत्तर चाचण्यांत आहे. जीडीबीची चाचणीयंत्रणा सुरू होतानाच लोकॅल ‘सी’ करून टाकते, नाही तर कंपायलरची नक्षीदार अवतरणचिन्हं जुळणी बिघडवतील. हेतू रास्त, परिणाम असा की देवनागरीचा रस्ता चाचण्यांत सहसा चाललाच जात नाही. त्यामुळे नव्या चाचणीत लोकॅल ठरवणारं ‘एलसी-ऑल’ आधी जपून ठेवून सी.यूटीएफ-८ करावं लागतं, आणि काम झालं की परत. शब्द निवडताना सवयीने ‘नमस्कार’ घेतला तर निदान क आणि हलन्त तरी सापडतात. ‘भारत’ घेतला तर चाचणी दुरुस्तीआधीही हिरवी आणि नंतरही हिरवी. भ, काना, र, त, सगळी वाचणाऱ्या गटातली. म्हणून एक शब्द वाचणारा, एक फुटणारा, एक मधूनच कापलेला, आणि शेवटी एकटा १५५, जो दुरुस्तीनंतरही आकड्यातच दिसला पाहिजे. हे सगळं एकाच भाषेत तपासलं तरी थर बरोबर तपासला जातो, पण सी आणि रस्ट दोन्ही ठेवावेत. उद्या कुणी चारसेटच्या थरात हात घातला तर कोण पडलं यावरून त्याला पत्ता लागेल.

इतकं बोलून झाल्यावर कबूल करायला हवं की अष्टमानाचा आकडा दर वेळी शत्रू नसतो. मराठीतला ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक. पहिला पंधरा बाइटांचा, दुसरा अठरा. पडद्यावर दोन्ही जुळे. प्रोग्रॅम दोघांची तुलना करून ‘वेगळे’ म्हणतो, आणि डीबगरची सुंदर, दुरुस्त केलेली पट्टी दोन्हीकडे तोच शब्द दाखवत राहते. ताकास तूर लागत नाही. जुन्या फुटक्या पट्टीत त्या जोडकाचे दोन बाइट, अष्टमानात २०० आणि २१५, डोळ्यांत खुपले असते. नव्या पट्टीत ‘एक्स/१८ओबी’ देऊन बाइट स्वतःच मागून घ्यावे लागतात: ०३४२, ०२००, ०२१५ असा तिघांचा घोळका दिसला की तोच तो. हे लक्षात राहिलं नाही तर दुरुस्तीने एक दोष घालवून दुसरा लपवला असं व्हायचं.

आणि अर्ध्या अक्षराचा प्रश्न इथे संपत नाहीच. जीडीबी स्ट्रिंगचे पहिले २०० घटक दाखवून थांबतो, आणि सीच्या कॅरॅक्टर पॉइंटरवर घटक म्हणजे बाइट. सलग देवनागरीची सहासष्ट चिन्हं बसतात, दोन बाइट उरतात, आणि ओळीच्या शेवटी ‘इनकम्प्लीट सीक्वेन्स’ अशी कंसातली सूचना येते. बघणाऱ्याला वाटतं डेटा बिघडला. ‘सेट प्रिंट एलिमेंट्स’ २०० ऐवजी २०१ केलं की सूचना जाते, कारण २०१ ला तीनाने भाग जातो. पहिली स्पेस येईपर्यंत.